चाळीस वर्षांची गुरगुर

‘डेथ मेटल’ हे शब्द वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर या संगीताची ओळख बहुधा बंद दाराआडून झालेली असते. आत गाणे चालले आहे की कोणी फरशी फोडते आहे, हे बाहेरच्याला कळत नाही. काळ्या टी-शर्टवरची अक्षरे झाडाच्या मुळांसारखी एकमेकांत गुंतलेली असतात. ‘याला काय गाणे म्हणायचे?’ असे आई विचारते आणि वडील जेवताना विषयच टाळतात. अशा घरांसाठीच आजचा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, टॅम्पा शहराच्या परिसरात, १९८४ साली काही शाळकरी मुलांनी एक बँड काढला. जॉन आणि डोनाल्ड टार्डी हे दोन सख्खे भाऊ आणि त्यांचा मित्र ट्रेव्हर पेरेस. आधीचे नाव ‘एक्झिक्यूशनर’ बदलून पुढे त्यांनी ‘ऑबिच्युअरी’ हे नाव घेतले. ऑबिच्युअरी म्हणजे आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचतो ती निधनवार्ता. जानेवारी २०२३ मध्ये या बँडचा ‘डाइंग ऑफ एव्हरीथिंग’ हा अकरावा अल्बम आला. त्याआधीचा २०१७ सालचा होता. जॉन गायला, डोनाल्डने ड्रम वाजवले आणि पेरेसच्या हाती गिटार होती. शाळकरी वयातले हे तिघे पन्नाशी ओलांडल्यावरही एकत्र होते. आवडीनिवडी बाजूला ठेवून या गोष्टीकडे आदराने पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्लोरिडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संत्र्यांच्या बागा, समुद्रकिनारे आणि डिस्नेचे मायानगर येते. त्याच उन्हात हे काळेकुट्ट संगीत वाढले, हा एक गमतीचा विरोधाभास आहे. टॅम्पात ‘मॉरिसाउंड’ नावाचा स्टुडिओ होता. तिथे स्कॉट बर्न्स या ध्वनितंत्रज्ञाच्या हाताखाली ‘डेथ’, ‘ऑबिच्युअरी’ अशा बँडची ध्वनिमुद्रणे झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोहून ‘कॅनिबल कॉर्प्स’ हा बँड आधी ध्वनिमुद्रणासाठी तिथे आला आणि पुढे टॅम्पातच स्थायिक झाला. एखाद्या गावात चांगला कारागीर असला की साऱ्या पंचक्रोशीचे गिऱ्हाईक तिकडे वळते, तसाच हा प्रकार.

ऑबिच्युअरीचा पहिला अल्बम ‘स्लोली वुई रॉट’ १९८९ साली आला. तेव्हा बाकीचे बँड अधिकाधिक वेगाने वाजवण्याच्या शर्यतीत होते. या मुलांनी मात्र लय खाली आणली. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावल्या आणि ठेका असा जड केला की चिखलातून बैलगाडी चालल्यासारखे वाटावे. त्यावर जॉन टार्डीचा आवाज. त्या अल्बममध्ये कित्येक ठिकाणी तो शब्द गातच नाही, नुसते ध्वनी काढतो. गाण्याला शब्द असलेच पाहिजेत, असा आग्रह धरणाऱ्यांनी जरा आपल्याकडे पाहावे. तराण्यातल्या ‘दिर दिर तोम’ला आपण अर्थ विचारत नाही. आवाज हेच वाद्य, हे आपल्याला नवे नाही. टार्डीने ते वाद्य निराळ्या कामाला लावले, इतकेच. हे गुरगुरणे म्हणजे निव्वळ आरडाओरडाही नव्हे. स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या घड्यांना कंप देऊन, श्वासावर ताबा ठेवून तो आवाज काढावा लागतो. नुसती शिरा ताणून ओरडणाऱ्याचा गळा चार दिवसांत बसेल. टार्डीचा चाळीस वर्षे टिकला.

मग या अकराव्या अल्बममध्ये नवे काय आहे? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर फारसे काही नाही. ‘बेअर्ली अलाइव्ह’ या पहिल्या गाण्यात बँड भरधाव सुटतो, ‘द राँग टाइम’मध्ये ठेक्यावर येतो आणि ‘बी वॉर्न्ड’ या शेवटच्या गाण्यात जवळजवळ सरपटतो. एकूण दहा गाणी, साधारण पाऊण तास. ध्वनिमुद्रण स्वतःच्याच स्टुडिओत केलेले. ‘तेच ते’ हा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण हा आक्षेप आपण कोणावर घेतो आणि कोणावर घेत नाही, हेही तपासायला हवे. एखादे बुजुर्ग गवई साठाव्या वर्षी पुन्हा यमन मांडतात, तेव्हा ‘गेल्या वर्षीही यमनच होता’ अशी तक्रार कोणी करत नाही. तोच राग आज कसा दिसला, हे आपण ऐकतो. दर सहा महिन्यांनी नवे काही द्या, नाहीतर बाजूला व्हा, हा बाजाराचा नियम आहे. तो कलेचा नियम आहे, असे आपण उगाच धरून चाललो आहोत.

ऑबिच्युअरीलाही हा बाजार सोपा गेला नाही. १९९७ नंतर बँड थांबला आणि २००३ मध्ये पुन्हा जमला. २०१४ च्या अल्बमसाठी त्यांनी थेट चाहत्यांकडून वर्गणी गोळा केली. कंपनीच्या दारात ताटकळण्यापेक्षा ऐकणाऱ्यांपुढे झोळी पसरणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

पण माझ्या मते या अल्बमचे खरे मोल वेगळ्याच गोष्टीत आहे. विशीच्या आत मरणाची गाणी लिहिणाऱ्यांना मरण ठाऊक नसते. भुताच्या गोष्टी सांगाव्यात, तशी ती गाणी असतात. मग वर्षे जातात आणि निधनवार्तेत ओळखीची नावे यायला लागतात. ‘डेथ’चा चक शुल्डिनर मेंदूतल्या गाठीने २००१ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी गेला. ऑबिच्युअरीत वीसेक वर्षे बास वाजवलेला फ्रँक वॉटकिन्स २०१५ मध्ये कर्करोगाने गेला, तो ४७ वर्षांचा होता. काही काळ त्यांच्यासोबत गिटार वाजवणारा राल्फ सँटोला २०१८ मध्ये गेला. या अल्बमचे मुखपृष्ठ पोलंडचे चित्रकार मारिउश लेवान्डोव्स्की यांचे आहे. ते तर अल्बम निघण्यापूर्वीच, २०२२ मध्ये वारले. याच अल्बममध्ये ‘माय विल टू लिव्ह’, म्हणजे माझी जगण्याची इच्छा, असे एक गाणे आहे. विशीच्या मुलाने असे नाव दिले असते तर मी हसून सोडून दिले असते. मित्रांना पोचवून आलेल्या माणसांनी ते दिल्यावर ते कान देऊन ऐकावेसे वाटते.

पालकांची काळजी मी उडवून लावत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या राजकारण्यांनी कॅनिबल कॉर्प्ससारख्या बँडविरुद्ध आवाज उठवला होता. जर्मनीत त्या बँडच्या सुरुवातीच्या अल्बममधली गाणी मंचावर गाण्यास २००६ पर्यंत बंदी होती. या प्रकारातल्या काही गाण्यांत, विशेषतः स्त्रियांवरच्या अत्याचारांची जी वर्णने येतात, ती मला किळसवाणी वाटतात आणि त्यांचे समर्थन मी करणार नाही. पण आवाज भीतीदायक म्हणून माणूसही भीतीदायक, हे समीकरण टिकत नाही. डोनाल्ड टार्डी टॅम्पाच्या परिसरात मालक नसलेल्या मांजरांना रोज खायला घालतो, त्यांची देखभाल करतो आणि त्यासाठी त्याने एक संस्थाही काढली आहे.

आणि हे सारे काही सातासमुद्रापलीकडचेच राहिलेले नाही. मुंबईचा ‘गटस्लिट’ हा बँड याच प्रकारचे संगीत घेऊन युरोपातल्या महोत्सवांत वाजवून आला आहे. तेव्हा आपल्या मुलाने हे ऐकले, तर ‘बंद कर’ म्हणण्याआधी ‘यात तुला काय आवडते?’ एवढे तरी विचारावे. उत्तर न पटले तरी चालेल. पण ते उत्तर ऐकताना आपले मूल कशाला घाबरते आणि कशाने शांत होते, हे कळण्याची शक्यता आहे.

सर्वांनी डेथ मेटल ऐकावे, असा आग्रह मी धरणार नाही. कान ज्याचे त्याचे असतात. पण जिथे दोन गुंठ्यांच्या वाटणीवरून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तिथे चाळीस वर्षे एका छपराखाली एकच धंदा करणाऱ्या दोन भावांची गोष्ट नुसती ऐकायलाही हरकत नसावी. एकाने ताल धरावा आणि दुसऱ्याने त्यावर आवाज लावावा, इतका साधा त्यांचा करार. तो त्यांनी मोडला नाही.