आत्याबाईंची तबकडी

परवां घराची झाडलोट चालली असतां माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेंत सीडींच्या तबकड्यांचा एक गठ्ठा सांपडला, आणि मंडळींत दोन तट पडले. सौ. वहिनींचें म्हणणें, हें सर्व संगणकांत कधींच उतरविलेलें आहे, तेव्हां अडगळ टाकून द्यावी. आमचें म्हणणें, आधीं पाहावें. अशा ट्रंका पुष्कळ घरीं असतील, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तींत ध्वनीचें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन आंकड्यांनीं लिहिलेलें असतें. दोन्ही कानांचा हिशेब धरतां सेकंदास सुमारें १४ लाख ११ हजार बिट होतात. पुढें संगणकांत जागा थोडी, म्हणून सर्वांनीं एमपी-३ पद्धतीचा आश्रय केला. तिचें मर्म असें कीं, मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज कानास जाणवत नाहीं, तो ढोबळपणें लिहावयाचा किंवा वगळावयाचा. युक्ति चतुर खरी. १ लाख २८ हजार बिटांत काम भागतें, म्हणजे जागा अकरा पटीनें कमी लागते. परंतु वगळलें तें कायमचें गेलें. टाळ-चिपळ्यांसारखा एकदम उठणारा नाद फार आंवळला, कीं ठोक्याच्या आधींच त्याची पुसट कुजबुज उमटते. शिवाय ही पद्धति फाइलीच्या टोकांस थोडी रिकामी जागा जोडते. त्यामुळें विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो त्या सांध्यांत पुष्कळदां क्षणभर शांतता घुसते. जाणत्या श्रोत्यास ती खड्यासारखी लागते.

आमच्या आत्याबाईंच्या जात्यावरच्या ओव्या १९९८ सालीं कॅसेटवर घेतल्या होत्या व २००३ सालीं त्यांची सीडी करविली होती. आत्याबाई २००६ सालीं निवर्तल्या. कॅसेट बुरशीनें गेली. घरांत ऐकत होतों ती एमपी-३. चि. पुतण्यानें तिचेंच फ्लॅक करून ठेवलें होतें. "काका, आतां बघा, फाइल केवढी मोठी झाली!" असें तो मोठ्या उमेदीनें म्हणाला. साय काढलेलें दूध मोठ्या पातेल्यांत ओतल्यानें साय परत येत नाहीं, हें त्यास समजावून द्यावें लागलें.

वस्तुतः फ्लॅक ही पद्धति उत्तम आहे. २००१ पासून ती सर्वांस मोफत असून, जागा साधारण निम्मी घेते व उलगडतांच मूळचे आंकडे जसेच्या तसे परत देते. मात्र ती थेट तबकडीवरून केली पाहिजे; मग मोबाइलसाठीं तिच्यापासून एमपी-३ हव्या तितक्या काढाव्यात. उतरवितांनाही घाई कामाची नाहीं. तबकडीवर चरा असला तर साधी प्रणाली अंदाजानें खळगा बुजविते आणि कोणास कांहीं सांगत नाहीं. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारखी प्रणाली प्रत्येक तुकडा पुनःपुन्हां वाचून ताडून पाहते. बाजारांतील तबकडी असेल तर इतरांनीं केलेल्या वाचनाशींही मेळ घालतां येतो. घरच्या तबकडीस तो आधार कोठला?

नांवांचीही एक अडचण आहे. बहुतेक तबकड्यांवर गाण्यांचीं नांवें नसतात. तीं इंटरनेटवरील याद्यांतून येतात, आणि आपल्या गवयांचीं व रागांचीं तेथें काय दशा होते तें न बोललेलें बरें. घरांतील वडीलधाऱ्यांस जवळ बसवून तीं आपणच लिहावीं.

आत्याबाईंची सीडी गठ्ठ्याच्या तळाशीं निघाली. घरीं लिहिलेल्या तबकडीचा रंगाचा थर काळानें विटतो, म्हणून आम्ही धास्तावलों होतों. नऊ ओव्या बिनचूक उतरल्या. दहावीशीं यंत्र अडलें. पाऊण तास तोच तुकडा वाचीत राहिलें. अकरावी निघाली. शेजारच्या बिऱ्हाडीं निराळ्या बनावटीचें यंत्र आहे, तें रविवारीं आणावयाचें ठरलें आहे. तोंपर्यंत ट्रंक माळ्यावर चढवूं नये, असें सौ. वहिनींनींच बजावलें आहे.