मत्स्यपेटीतील अळ्या : ओळख आणि उपाय

घरातील मत्स्यपेटीत बारीक अळ्या वळवळताना दिसल्या की काही जण घाबरून सारे पाणी ओतून देतात, तर काही जण दुर्लक्ष करतात. वाचकहो, या दोन्हींआधी अळी ओळखावी. त्यासाठी विजेरी, भिंग आणि पाच मिनिटांचा धीर पुरतो. दृष्टी अधू असल्यास घरातील तरुणांची मदत घ्यावी.

अळी पाण्यात कोठे राहते, हे प्रथम पाहावे. डासाची अळी श्वास घेण्यासाठी पृष्ठभागाशी येते. पाण्यावर सावली पडताच वळवळत खाली जाते आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अळी शेपटीकडील श्वसननलिका पृष्ठभागाला लावून, डोके खाली करून लोंबकळते. हिवताप पसरवणाऱ्या अॅनॉफिलीसच्या अळीला ही नलिका नसते, म्हणून ती पृष्ठभागालगत आडवी राहते. सोबत स्वल्पविरामाच्या आकाराचे कोष दिसले, तर दोन-तीन दिवसांत डास बाहेर पडणार असे समजावे.

याउलट, तळाच्या गाळात राहणारी लाल अळी बहुधा न चावणाऱ्या मिज नावाच्या चिलटासारख्या कीटकाची असते. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. ती रक्त पीत नाही. सहा पाय आणि शेपटीला पिसांसारखी तीन पाती असलेली अळी टाचणीची. ती माशांची पिले खाते, माणसाला मात्र तिच्यापासून धोका नाही.

गप्पीसारखे मासे डासांच्या अळ्या आवडीने खातात. त्यामुळे खरी जोखीम मासे नसलेल्या बंद पेटीत, क्लोरीन उडून जाण्यासाठी भरून ठेवलेल्या बादलीत आणि मनीप्लँटच्या बाटलीत असते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून असे पाणी आठवड्यातून एकदा ओतावे. ते गटारात न टाकता कोरड्या मातीवर टाकावे. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. यास्तव आतील बाजू घासून काढणे अगत्याचे आहे. मासे असलेल्या पेटीत कीटकनाशक किंवा रॉकेल कदापि टाकू नये.

एडिस दिवसा चावतो. दुपारी आरामखुर्चीत विसावणारे आजी-आजोबा त्याच्या तावडीत सहज सापडतात, आणि मधुमेह वा हृदयविकार असल्यास डेंग्यू अधिक गंभीर होऊ शकतो. ताप आल्यास अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नये. हृदयविकारासाठी अॅस्पिरिन वा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तीही परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. ताप उतरल्यावरही पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण गळून गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

आठवड्याचा एक वार ठरवावा आणि त्या दिवशी घरातील प्रत्येक साठलेले पाणी पाहावे. घरातील ज्येष्ठांनी या कामाची आठवण ठेवावी आणि तरुणांनी ते करावे, म्हणजे ते चुकणार नाही.