शाल-श्रीफळाच्या पलीकडे

शैक्षणिक वर्ष संपत आले की निरोप समारंभांचा मोसम सुरू होतो. अकोल्याच्या जठारपेठेसारख्या शिक्षक, प्राध्यापक, बँक कर्मचारी अशा नोकरदारांच्या वस्तीत तर जवळपास प्रत्येक गल्लीत एखाद्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या सेवापूर्तीचा सोहळा झालेला असतो. शाल, श्रीफळ, मानपत्र, चार भाषणे आणि शेवटी सुखी, निरामय उत्तरायुष्यासाठी शुभेच्छा. दुसऱ्या दिवसापासून मात्र ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे गावाची मुले घडविली, त्या माणसाचे करायचे काय, हा प्रश्न गावालाही पडत नाही आणि पुष्कळदा त्या माणसालाही सुटत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ साली निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय होते ५६. १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम हिंगण्याला स्थिरावला होता, महिला विद्यालय उभे राहिले होते. विधवेशी विवाह केला म्हणून ज्या मुरूड गावाने एके काळी बहिष्कार घातला, त्या गावच्या या सुपुत्राचे नाव महाराष्ट्रभर आदराने घेतले जात होते. येथेच ते थांबले असते, तरी त्यांचे जीवन कृतार्थ झाले असते. परंतु ज्या कार्यामुळे आज आपण त्यांना महर्षी म्हणून ओळखतो, त्यातले फार मोठे कार्य या निवृत्तीनंतरचे आहे.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, अवघ्या पाच विद्यार्थिनींना घेऊन त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांचे दान जाहीर केले ते १९२० साली. मधली वर्षे दारोदार हिंडून रुपया-दोन रुपये गोळा करण्याची होती. सत्तरी ओलांडल्यावर ते संस्थेसाठी परदेश प्रवासाला निघाले. ७८व्या वर्षी, १९३६ मध्ये, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि पुन्हा झोळी घेतली. ८६व्या वर्षी, १९४४ मध्ये, जातिभेद निवारणासाठी समता संघ काढला. भारतरत्न हा सन्मान आला तो १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी.

येथे एका गोष्टीचा विसर पडू नये. अशा व्रताची किंमत घरातील माणसांनाही मोजावी लागते. अण्णांनी आपली विम्याची पॉलिसीदेखील आश्रमाला देऊन टाकली होती. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्या संसाराची ओढाताण कोणताही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. सार्वजनिक कार्यकर्त्याचा गौरव करताना त्याच्या चुलीकडेही पाहिले पाहिजे. आपल्या सत्कार सभांत हे अभावानेच घडते.

दुसरे उदाहरण वऱ्हाडाशी नाते असलेले आहे. ताराबाई मोडक विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिल्या. पुढे राजकोटला प्राचार्यपद, भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग आणि नूतन बालशिक्षण संघाचे कार्य, एवढे सारे झाल्यावर १९४५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू झाले. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी. मूल गुरांमागे जात असेल, तर कुरणातच शाळा भरवावी, असा साधा आणि मूलगामी विचार त्यामागे होता. आज देशभर परिचित असलेल्या अंगणवाडीच्या मुळाशी हीच दृष्टी आहे.

एवढी थोर नावे घेतली की आपण नमस्कार करून मोकळे होतो. परंतु येथे मुद्दा थोरवीचा नसून सवयीचा आहे. शिकविण्याची सवय ज्याच्या हाडीमाशी खिळली आहे, त्याच्यातील शिक्षक ५८व्या वर्षीच्या सरकारी आदेशाने निवृत्त होत नाही. गावोगावी असे कितीतरी गुरुजी आहेत. कोणी वाचनालयाची फाटकी पुस्तके चिकटवीत बसतो, कोणी स्मशानभूमीत झाडे लावून त्यांना पाणी घालतो, कोणी कामकरी वस्तीतील मुलांचे पाढे घेतो. त्यांची छायाचित्रे छापून येत नाहीत. त्यांचे मोल कळते ते त्यांची खुर्ची रिकामी झाल्यावर.

आजच्या अकोल्याला त्यांची आवश्यकता अधिकच आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवणीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून मुले या शहरात येतात. ज्याची ऐपत आहे त्याला मार्गदर्शक मिळतो. परंतु ज्याच्या वडिलांचे कापूस-सोयाबीनचे पीक हाती आले नाही, त्या मुलाने अडलेले गणित घेऊन कोणाचे दार ठोठवायचे? त्या दारावर एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या नावाची पाटी असेल, तर शहराचे अर्धे ऋण फिटेल. हेच शहर १३ जानेवारी २०१८ रोजी मोर्णा नदीच्या पात्रात स्वच्छतेसाठी हजारोंच्या संख्येने उतरले होते. एका दिवसासाठी लोटणाऱ्या गर्दीचे बळ मोठे असते, यात शंका नाही. पण रोज संध्याकाळी ठरल्या वेळी येऊन बसणाऱ्या एका माणसाचे बळ निराळे असते, आणि संस्था टिकतात त्या याच बळावर.

म्हणून गुरुजींचा सन्मान करू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. शाल अवश्य पांघरा, परंतु त्या आधी विचारा : ‘सर, तुमच्या कामातले कोणते ओझे आम्ही उचलू?’ एखाद्याने वाचनालयाची आठवड्यातील एक संध्याकाळ घ्यावी, दुसऱ्याने दोन मुलांच्या वह्यांचा खर्च उचलावा. पुण्या-हैदराबादला नोकरी करणाऱ्याने निदान महिन्यातून एकदा दूरध्वनी करून गुरुजींची आणि त्यांच्या घरच्यांची वास्तपुस्त करावी. ज्या शिक्षकाचे काम त्याच्यामागे कोणीतरी पुढे चालवितो, त्याचाच खरा सत्कार झाला, असे समजावे.