सार्वकालिक म्हणजे किती वर्षे?

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्याच्या अंत्यविधीला गेलो होतो. उपदेशकांनी कबरीपाशी सांगितले, “आमच्या बंधूंना आज सार्वकालिक जीवन मिळाले.” परतताना त्या स्नेह्याच्या पत्नीने मला विचारले, “भाऊ, चाळीस वर्षे रोज पहाटे ते देवाशी बोलत होते. ते मग काय होते?” तेव्हा मी गप्प राहिलो. आता उत्तर देतो.

मेल्यावर मिळणारे न संपणारे आयुष्य म्हणजे सार्वकालिक जीवन, ही समजूत आम्हां ख्रिस्ती लोकांत फार रुळली आहे. पण नुसते न संपणे हे वरदान कसे? भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा चिरंजीवच आहे! त्याचा हेवा कोणी करतो काय?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात, अटक होण्यापूर्वी येशू प्रार्थना करतो. तेथे या जीवनाचा अर्थ दिला आहे. त्यात वर्षांचा हिशेब नाही की स्वर्गाचा पत्ता नाही. देवाला आणि त्याने पाठविलेल्या ख्रिस्ताला ओळखणे, एवढेच आहे.

यावर काही मंडळी लगेच वचने पाठ करवून घेतात आणि परीक्षा ठेवतात. वचने जरूर पाठ करावीत. पण माहिती म्हणजे ओळख नव्हे. शेजाऱ्याच्या दारावरची पाटी रोज वाचली म्हणून तो ओळखीचा होत नाही. फराळाचे ताट घेऊन आत जावे लागते. त्याच्या दुखण्याखुपण्याला बसावे लागते.

पंडिता रमाबाईंना शास्त्राची माहिती कमी नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे आठ वर्षांनी उमगले. एवढ्या विदुषीने हे कबूल करावे आणि आम्ही चार वचनांवर छाती फुगवावी!

त्या ओळखीचे पुढे काय झाले, तेही पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. यिर्मया संदेष्टा योशीया राजाविषयी हेच सांगतो: त्याने दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि देवाला ओळखणे ते हेच. तेव्हा दारची भुकेली विधवा ज्याला दिसत नाही, त्याने देवाच्या ओळखीची बढाई मारू नये.

“मग पुनरुत्थानाची आशा तुम्ही सोडली काय?” असे कोणी विचारील. मुळीच नाही. देवाने जोडलेली ओळख मृत्यूने तुटत नाही, हाच तर त्या आशेचा आधार आहे. जिची सुरुवातच झाली नाही, ती पुढे टिकणार कशी, एवढाच माझा प्रश्न आहे.

म्हणून वहिनी, उपदेशकांचे बोलणे मनाला लावून घेऊ नका. तुमच्या घरात ते जीवन चाळीस वर्षे नांदत होते. पहाटेची ती प्रार्थना तेवढी आता तुम्ही चालू ठेवा.