प्रतिपिंडे आहेत, पण कशी?

मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने गोळा केले. त्यांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी कोरोना रक्तपाहणीत सांगली जिल्हाही होता. दोन्हीकडे प्रश्न एकच: प्रतिपिंडे आहेत की नाहीत?

रुग्णाच्या जिवाशी गाठ मात्र पुढच्या प्रश्नाची असते. ती करतात काय? काही प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरूच देत नाहीत. काही नुसती चिकटतात आणि भक्षक पेशींना बोलावतात. एरवी हे कामाचेच, पण डेंगीत इथेच घात होतो. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याला अर्धवट धरतात आणि विषाणू त्यांच्याच आधाराने भक्षक पेशींत घुसून वाढतो. निकाराग्वातल्या मुलांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंभीर डेंगीचा धोका सर्वाधिक दिसला तो प्रतिपिंडांची पातळी मधली असताना. भरपूर असलेल्यांना संरक्षण होते. म्हणून ‘एकदा होऊन गेलाय, आता भीती नाही’ हा दिलासा डेंगीच्या बाबतीत धोक्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सातारा-सांगलीच्या वाचकांना कळकळीची विनंती: पूर्वी डेंगी झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताप उतरल्यावरही पोटात जोरात दुखत असेल, सतत उलट्या होत असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा.