विश्लेषण : ‘आजींचं वय झालंय, होतं असं’… रिहॅब सेंटरमध्ये वृद्ध रुग्णाची हेळसांड होत असेल तर काय कराल?

भिवंडीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या मुलाची कल्पना करा. सत्तरीतल्या आईला पक्षाघाताचा झटका आला. रुग्णालयाने काही दिवसांनी सुट्टी दिली, पण आईला स्वतःहून कूस बदलता येत नाही. घर एका खोलीचे, बायकोही कामाला. मग कोणीतरी सुचवलेल्या ‘रिहॅब सेंटर’मध्ये तिला ठेवले जाते. भेटीची वेळ सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास. त्या दोन्ही वेळी मुलगा मागावर. सुट्टीच्या दिवशी तो जातो तेव्हा आईच्या कमरेखाली जखम झालेली दिसते. विचारल्यावर उत्तर मिळते, ‘आजींचं वय झालंय, होतं असं.’ बहुतेक घरांत विषय इथेच संपतो. तो इथे का संपू नये आणि पुढे काय करता येते, याविषयी…

‘होतं असं’ हे कितपत खरे?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, टाचांवर आणि खुब्यावर सतत दाब येतो. तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि त्वचा मरू लागते. हाच बेडसोअर, म्हणजे शय्याव्रण. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा. ओले डायपर, अपुरे पाणी आणि प्रथिने कमी असलेला आहार यांमुळे जखम लवकर चिघळते. ती टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि रोज अंग तपासणे आवश्यक असते. फार थकलेल्या रुग्णाला उत्तम शुश्रूषा मिळूनही कधीकधी जखम होते. पण नुसते वय हे तिचे कारण ठरत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतलेच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्यासंदर्भात निकाल दिला. इतकी वर्षे अंथरुणात असूनही त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल त्या निकालात आहे. पालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात हे जमत असेल, तर महिन्याला पैसे मोजून ठेवलेल्या रुग्णाबाबत ‘होतं असं’ हे उत्तर पुरेसे मानता येणार नाही.

रुग्णाच्या बाजूने बोलायचे कोणी?

त्याच निकालात आणखी एक मुद्दा होता. जी व्यक्ती स्वतः बोलू शकत नाही, तिच्या वतीने कोणी बोलावे? न्यायालयाने तो अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण रात्रंदिवस तिच्याजवळ तेच होते. घरच्यांनीही यातून बोध घ्यावा. रुग्णाच्या बाजूने बोलायचे तर त्याच्या रोजच्या स्थितीची माहिती हवी.

जवळचे माणूस लांब राहिले की काय होऊ शकते, हे जून २०२० मध्ये जळगावात दिसले. जिल्हा रुग्णालयात दाखल असलेली ८२ वर्षांची करोनाबाधित महिला ‘बेपत्ता’ झाली आणि आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात तिचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. तो काळ अपवादात्मक होता. नातेवाइकांना आत जाऊ दिले जात नव्हते. पण भेटीच्या दोन तासांपलीकडे दार बंद असलेले प्रत्येक केंद्र थोड्याफार फरकाने तीच परिस्थिती तयार करते.

म्हणून कुटुंबाने एक माणूस ठरवावा. तोच डॉक्टरांशी बोलेल आणि तोच वहीत नोंद ठेवेल. दिवसा जाणे शक्य नसेल तर पाळी संपल्यानंतरची भेटीची वेळ दाखल करतानाच लेखी मागून घ्यावी.

‘रिहॅब’वर नियंत्रण कोणाचे?

बोलीत रिहॅब म्हटले की आधी व्यसनमुक्ती केंद्र आठवते. पक्षाघात किंवा खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरची केंद्रे कधी ‘केअर सेंटर’, कधी ‘फिजिओथेरपी सेंटर’ अशा नावांनी चालतात. त्यामुळे यांना कोणी विचारणारेच नाही, असा समज होतो. केंद्राचा राष्ट्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा (२०१०) महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. राज्यात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. त्यातली व्याख्या व्यापक आहे. आजार, दुखापत किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे शुश्रूषागृह. पाटीवर नाव काहीही असो, आत खाटा असतील, रुग्ण असतील आणि नर्सिंगचे पैसे घेतले जात असतील, तर ‘आम्हाला नोंदणी लागत नाही’ हा युक्तिवाद टिकणे कठीण आहे.

नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याखालील नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावावे लागते, तसेच स्थानिक यंत्रणेला तक्रार निवारण कक्ष ठेवावा लागतो. फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्याच्या स्वतंत्र परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

भिवंडीकरांसाठी एक बाब महत्त्वाची. केंद्र शहराच्या हद्दीत असेल तर तक्रार भिवंडी-निजामपूर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाते. काल्हेर, कशेळी, पूर्णा अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत असेल, तर ठाण्यातील जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे. रस्ता ओलांडला की हद्द बदलते, म्हणून आधी पत्ता तपासावा.

तक्रार कोणत्या क्रमाने करावी?

१. आधी नोंद : तारीख, वेळ, जखमेचा आकार, जेवण किती गेले, व्यायाम झाला का, हे रोज लिहावे. फोटो फक्त आपल्या रुग्णाचे काढावेत, शेजारच्या खाटेचे नाहीत.

२. केंद्राच्या प्रमुखाला लेखी पत्र : ‘काळजी घ्या’ असे मोघम लिहू नये. ‘कूस बदलल्याचा तक्ता दाखवा’, ‘जखम कोणते डॉक्टर कधी पाहणार ते सांगा’ असे नेमके विचारावे. पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी.

३. कागदपत्रांची मागणी : २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये रुग्णाचा हा हक्क मान्य केला आहे.

४. दुसरे मत : दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यासाठी केंद्राची मेहरबानी लागत नाही.

५. बाहेरची यंत्रणा : वरीलप्रमाणे महापालिका किंवा जिल्हा यंत्रणा. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

६. ग्राहक आयोग : सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. दोन वर्षांच्या आत ठाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

थांबू नये, अशी लक्षणे कोणती?

तापाबरोबर गुंगी, धाप, लघवी बंद होणे, जखमेला दुर्गंधी किंवा काळेपणा येणे, घास घेताना ठसका लागून श्वास अडकणे. अशा वेळी पत्रव्यवहार बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावे. आजी अचानक असंबद्ध बोलू लागल्या तर ‘म्हातारचळ’ म्हणून दुर्लक्ष करू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, पाण्याची कमतरता किंवा झोपेची गोळी हेही कारण असू शकते. कोणती गोळी सुरू केली आणि कोणाच्या सल्ल्याने, हे विचारलेच पाहिजे.

विमा खर्च देईल का?

इथे अनेकांची फसगत होते. विमा नियामकाने प्रमाणित केलेल्या अपवादांमध्ये ‘विश्रांती उपचार, पुनर्वसन आणि देखभाल’ हा अपवाद आहे. उपचाराऐवजी केवळ देखभालीसाठी दाखल केले असेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो. पैसे खिशातून जाणार असतील तर महिन्याच्या रकमेत नेमके काय मिळते, याचा लेखी करार आधीच करावा : व्यायामाची सत्रे किती, डॉक्टर किती वेळा येतील, रात्री परिचारिका असेल का.

आवाज चढवून काम होत नाही का?

क्षणभर होते. पण रात्रपाळीत दहा-पंधरा खाटा सांभाळणाऱ्या एकट्या मावशीवर ओरडून उद्याची कूस बदलली जात नाही. माणसे कमी ठेवण्याचा निर्णय मालकाचा असतो, शिव्या मात्र मावशीला बसतात. हातघाईवर गेल्यास २०१० च्या राज्य कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. बोलणे सौम्य, पत्र मात्र कडक, हाच मार्ग योग्य आहे. ‘तक्रार केली तर आईलाच त्रास देतील’ ही भीती खरी आहे. म्हणूनच तक्रारीसोबत दुसऱ्या जागेची चौकशी सुरू ठेवावी. रुग्णाला सुट्टी घेण्याचा हक्क आहे आणि बिलाच्या वादासाठी त्याला अडकवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत नमूद आहे.

महापालिकेने काय करावे?

हक्क कागदावर पुरेसे आहेत. पण ज्याची पाळी संध्याकाळी सुटते, त्याला सरकारी कार्यालयाच्या वेळेत अर्ज घेऊन जाता येत नाही. वृद्ध रुग्णाला दीर्घकाळ ठेवणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांची यादी महापालिकेने संकेतस्थळावर टाकावी, त्यांची अचानक तपासणी करावी आणि तक्रार कक्षाचा क्रमांक मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगूत प्रत्येक केंद्राच्या दारावर लावायला सांगावा. तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने अग्निशमनाच्या दाखल्याबरोबर दोन-तीन रुग्णांची पाठ आणि कूस बदलल्याचा तक्ताही पाहावा. त्याला पाच मिनिटे लागतात.