दोन भिंतींमधला बोळ

सोलापूर जिल्ह्याचे आणि चीनचे नाते जुने आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिकडेच वारले. वडील गेल्याची बातमीही त्यांना परदेशातच कळली होती. युद्धाचे दिवस, पत्र पोचले तर पोचले! २०१४ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला निघालो, तेव्हा केत्तूरच्या वडीलधाऱ्यांना कोटणिसांचीच आठवण झाली. धाकटा भाऊ मात्र म्हणाला, “आता कसली पत्रं, ताई? बोट टेकवलं की घर समोर!”

घर समोर होते खरे; पण मध्ये भिंत होती.

चीनची ही दुसरी भिंत विटांची नाही. देशाबाहेर जाणाऱ्या तारांच्या वेशीवर यंत्रे बसविलेली असतात. आपण कोणाचे दार ठोठावतो ते ती पाहतात आणि नको ते नाव दिसले की खोटा पत्ता देतात, नाही तर बोलणे मध्येच तोडून टाकतात. फेसबुक २००९ पासून बंद, गूगल २०१४ पासून, व्हॉट्सॲप सप्टेंबर २०१७ पासून. एप्रिल २०१९ पासून विकिपीडियाच्या झाडून साऱ्या भाषा बंद. त्यात बिचारी मराठीही आली! मौज अशी, की ‘हे बंद आहे’ असे कोणी सांगत नाही. पडद्यावर नुसते चाक फिरत राहते. नवखा माणूस आपल्याच फोनला दोष देतो, दुकानात नेऊन दाखवितो. दुकानदार हसतो आणि काही बोलत नाही.

व्हीपीएन नावाच्या आडवाटा होत्या. परदेशी मंडळी त्यांवरून ये-जा करीत. पण सत्ताधारी पक्षाचे अधिवेशन किंवा राष्ट्रीय सण जवळ आला, की त्या वाटाही बुजत. म्हणून आम्ही राजरस्ता धरला. तिथला सर्वांचा लाडका वीचॅट भाच्याने आईच्या फोनमध्ये बसवून दिला.

आईला अक्षरओळख नव्हती. पण त्यात एक बटण होते. ते दाबून धरायचे आणि बोलायचे. एका वेळी साठ सेकंद. आईला ते फार मानवले. आमचे जुने घर उजनीच्या पाण्याखाली गेलेले. नव्या घराच्या ओट्यावर बसून ती धरणाकडे पाहत बोलत असे. पाणी किती हटले, केळीचा भाव काय, चिलापीचे जाळे कोणाला लागले, रोहित पक्षी यंदा किती उतरले, कोणाच्या सुनेने काय केले. साठ सेकंद संपले की पुन्हा बटण. शांघायच्या बाविसाव्या मजल्यावर भाजी चिरता चिरता मी निम्मा करमाळा तालुका ऐकत असे.

आमचे हे बोलणे तिसराही कोणी ऐकू शकतो, हे मला ठाऊक होते. म्हणून मी जपून बोले. तिथे एखाद्या शब्दाला, चित्राला अचानक मनाई होते. १९८९ च्या चार जूनची आठवण कोणी काढू नये म्हणून त्या तारखेच्या सुमारास वेइबोवरून मेणबत्तीचे चित्रदेखील नाहीसे होत असे. आपल्या दिवाळीला पणतीचे चित्र पाठवायला बंदी झाली, तर कसे वाटेल?

२०२० च्या आरंभी आईने विचारले, “तिकडं कसला रोग आलाय म्हनत्यात गं?” वूहानच्या डॉ. ली वेनलियांग यांनी आपल्या सहकारी डॉक्टरांना सावध केले, म्हणून पोलिसांनी ३ जानेवारीला त्यांना समज दिली होती. ७ फेब्रुवारीला ते त्याच रोगाने गेले. हे सारे मला माहीत होते. मी आईला सांगितले, “थंडी फार आहे. आम्ही घरातच असतो.” सरकारी माणूस माझ्या दारात कधी आला नाही. त्याची गरजच नव्हती. ते काम माझ्या जिभेने परस्पर उरकले होते.

मग दुसरी भिंत उभी राहिली, आणि ती आपल्या बाजूने. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले. २९ जूनला भारत सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होते आणि वीचॅटही होते. देशाला राग यायला कारण होते. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण नकाशावर नसलेल्या एका बोळात आम्ही अडकलो, एवढे सांगितलेच पाहिजे. आईच्या फोनवरचे व्हॉट्सॲप तिकडे चालेना, माझ्या फोनवरचे वीचॅट इकडे चालेना.

साधा फोन होताच की, असे तुम्ही म्हणाल. होता. पण परदेशी फोनला पैसे पडतात, हे आईच्या मनात पक्के बसले होते. “बरी हाईस न्हवं? पोरं बरी? ठेव, पैसं पडत्याल.” झाले! महत्त्वाचे सारे बोलून होई आणि बोलायचे सारे राहून जाई. चिलापी गेली, केळी गेली, शेजारणीची सून गेली. भाचा घरी असला आणि आडवाट उघडी असली, तर कधीमधी चेहरा दिसे. तो फोन कसा धरायचा, हे कळेपर्यंत तुटे.

आई २०२१ च्या उन्हाळ्यात गेली. मला येता आले नाही. भारतातून येणाऱ्या परदेशी माणसांना चीनने तेव्हा दार बंद केले होते, मुलांना तिकडे ठेवून निघायचे कसे? तिचे जुने साठ-साठ सेकंद माझ्या त्या वेळच्या फोनमध्ये आहेत. तो फोन मी आजही चार्ज करून ठेवते.

आवाजाची किंमत शांघायलाही पुढच्याच वर्षी कळली. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये अडीच कोटी वस्तीचे ते शहर कुलूपबंद होते. घरात अडकलेल्या माणसांचे खरेखुरे आवाज जोडून कोणीतरी ‘एप्रिलचे आवाज’ नावाची फीत केली. भाजी मागणारे, औषध मागणारे, रडणारे आवाज. २२ एप्रिलला ती फोनाफोनी पसरली आणि भराभर पुसली गेली. लोकांनी ती उलटी करून पाठविली, चित्रांत दडवून पाठविली. पुन्हा पुसली, पुन्हा पाठविली. आमच्या जिन्यातल्या अबोल शेजाऱ्यांनीही त्या रात्री ती मला पाठविली. खाली एक अक्षर लिहिले नव्हते.

२०२३ साली आम्ही परत आलो. इथे मन मोकळे होते. पण ‘आपल्याकडे असले काही नाही’ असे म्हणवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली एखादे पान बंद केले, तर त्याचा पत्रव्यवहार गोपनीय ठेवावा, असे २००९ चे नियमच सांगतात. चीनशी आपली बरोबरी होत नाही, होऊही नये. पण तिथे राहून मी एक शिकले: अशी भिंत मोठ्या बातम्या अडविण्यासाठी बांधतात आणि तिच्याखाली आधी बुडते ते साधे बोलणे. मोठ्या बातमीला आडवाट सापडते. आईच्या गप्पांना सापडत नाही.

उजनीकाठच्या माणसाला भिंतीचे वावडे नसते. आमची गावे एका भिंतीपायीच बुडाली, आणि तिच्याच पाण्यावर जिल्ह्याचा ऊस उभा आहे. पण त्या भिंतीची एक रीत पाहा. धरणात आज किती टक्के पाणी आहे, किती क्युसेक सोडले, हे रोज वर्तमानपत्रात छापून येते. पंढरपूरचा वारकरीही ते विचारतो, केत्तूरचा कोळीही विचारतो, आणि इंजिनियरला उत्तर द्यावे लागते. कोणत्याही सरकारला बोलण्यावर बांध घालणे खरोखरच भाग पडले, तर त्याने एवढे तरी करावे: काय अडविले, का अडविले आणि दरवाजे केव्हा उघडणार, हे रोजच्या रोज सांगावे. नुसते चाक फिरवीत ठेवू नये.